मोजणीदारांचं ऑर्व्हिएतो

साताऱ्यात मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहिले, त्यांनी पहिल्या दिवशी मला भाडं सांगितलं नाही की जेवणाच्या वेळा सांगितल्या नाहीत. तुमचं पाऊल किती इंचांचं आहे, एवढंच विचारलं. मी सांगलीहून मुलींच्या शाळेत शिकवायला म्हणून नुकतीच आले होते. ट्रंक अजून टांग्यातच होती. मला माहीत नाही म्हटल्यावर त्यांनी अंगणात खडूनं दोन रेघा ओढल्या आणि मला चार वेळा इकडून तिकडे चालायला लावलं. टांगेवाला बघत होता. मग ते म्हणाले, "बाई, शाळा तुम्हाला अकराशे साठ पावलं पडेल. दहा वाजून एकोणीस मिनिटांनी उंबरा सोडत जा."

चार वर्षं मी दहा एकोणीसला उंबरा सोडत होते आणि एकदाही मला उशीर झाला नाही.

ते मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. अख्खी पेठ त्यांना मोजणीदार म्हणे. त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमन घेई, म्हणून मीही इथे घेत नाही. बायको फार वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. घर त्यांच्या विधवा बहिणीच्या, आक्कांच्या, हातात होतं. आक्का अंदाजानं मीठ टाकत आणि ते नेमकं पडे, याचं मोजणीदारांना मनातून दुःख होतं असं मला वाटे.

"जवळजवळ" हा शब्द त्यांना चालत नसे. कुणी तो वापरला की ते बोलणं थांबवून विचारत, जवळजवळ म्हणजे किती. एकदा मला बघायला कराडची मंडळी आली. माझे वडील सांगलीहून आले होते. आक्कांनी पोहे केले होते आणि सगळं बरं चाललं होतं. मुलाचे काका सांगत होते की आमचं घर स्टेशनच्या अगदी जवळ, मुलीला माहेरी यायला-जायला सोपं. मोजणीदार कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते. ते पेपर खाली न ठेवता म्हणाले, "तुमच्या आळीपासून स्टेशन सव्वातीन मैल आहे. ती आळी मी मोजली आहे." काकांना राग आला. स्थळ तिथेच मोडलं. वडील त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाहीत. मी मात्र ज्या घरात सव्वातीन मैलाला अगदी जवळ म्हणतात, तिथे गेले नाही हे बरंच झालं.

ह्या माणसानं आयुष्यात जिल्ह्याची हद्द फारशी ओलांडली नव्हती. खटाव आणि माण तालुक्यांतले बांध मोजण्यात त्यांची तीस वर्षं गेली. त्यांनी इटलीतल्या एका डोंगरावरच्या गावाला जायची तयारी सुरू केली आणि चार वर्षं तिच्याशिवाय दुसरं काही केलं नाही, ही हकिगत मला सांगायची आहे.

चव्वेचाळीस सालच्या दसऱ्याच्या सुमारास हौसाबाई पहिल्यांदा घरी आली. वडूजच्या पलीकडे दोन कोसांवर तिचं गाव. चाळिशी उलटलेली, उंच, पदर घट्ट खोचलेला. नवरा नव्हता. एकुलता एक मुलगा शिरपती पलटणीत होता आणि पलटण इटलीत होती. तिच्या हातात मुलाचं पत्र होतं. पंधरा वर्षांपूर्वी भावकीनं तिच्या शेताचा बांध सरकवला होता, तेव्हा मोजणीला हेच गेले होते. गावातल्या वजनदार माणसांनी त्यांना जेवायला बोलावलं, तर ते डबा घेऊन झाडाखाली जेवले आणि हद्दीचा दगड जिथे लागायचा तिथेच लावून आले.

"त्यो दगूड अजून जाग्याला हाय," हौसाबाई म्हणाली. "म्हणून तुमच्याकडं आले. माझा पोरगा कुटं हाय त्येवडं मला सांगा."

पत्र कुणा सोबत्याकडून लिहून घेतलेलं होतं. जिथे जिथे गावाचं नाव होतं, तिथे लष्करानं काळी शाई फिरवली होती. बाकीचं वाचता येत होतं. गाव आपल्या वर्धनगडासारखं डोंगराच्या माथ्यावर आहे, पण वर सगळी माणसं राहतात. गावात जुनी दगडी विहीर आहे. तटावर उभं राहिलं की खाली मोठं तळं दिसतं. हवा चांगली आहे, काळजी करू नको.

मोजणीदारांनी पत्राची नक्कल करून घेतली आणि आठ दिवसांनी यायला सांगितलं. त्या आठ दिवसांत त्यांनी वाचनालयातून प्रवाशांसाठी छापलेलं एक जुनं इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात नकाशे होते. मी शाळेतून आले की ते मला पानं वाचून दाखवत. तिसऱ्या दिवशी त्यांना ऑर्व्हिएतो सापडलं. चारी बाजूंनी तुटलेले कडे, माथ्यावर गाव, आणि गावात एक विहीर. ती इतकी खोल की पाणी आणायला जनावरं आत उतरत. उतरणारी आणि चढणारी जनावरं समोरासमोर येऊ नयेत म्हणून आत दोन वेगळे जिने, एकमेकांना न भेटणारे. हे वाचताना त्यांचा आवाज बदलला. दुसऱ्या दिवशी ते सायकल काढून लिंबला गेले आणि तिथली जुनी मोठी विहीर पुन्हा एकदा बघून आले. येऊन म्हणाले, त्या विहिरीपुढे ही काहीच नाही.

हौसाबाई आली तेव्हा त्यांनी तिला नाव सांगितलं. तिनं दोनदा म्हणून बघितलं, मग तिच्या तोंडात ते "वरवंटो" म्हणून बसलं. वरवंट्याचं गाव. ध्यानात ऱ्हाईल, म्हणाली आणि गेली.

दोन-अडीच महिन्यांनी ती पुन्हा आली. या वेळी तिच्याबरोबर दीर होता आणि हातात सरकारी कागद होता. शिरपती लढाईत पडला होता. कागदावर इटली एवढंच होतं, गाव नव्हतं. मोजणीदारांनी कागद दोनदा वाचला. आक्कांनी तिला आत नेऊन बसवलं, पण ती पाणी पिऊन परत बाहेर आली.

"त्येला तितंच ठिवला असंल का? वरवंट्याला?"

मोजणीदार म्हणाले, "हो."

"मला तितं जायाचं हाय. वाट तुमास्नी ठावं हाय."

"लढाई संपली की जाऊ," ते म्हणाले. "मी नेईन."

आक्कांना वाटलं, बिचारीची समजूत घालायला बोलला. मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्रवासाच्या दप्तराला लागले.

पुढच्या वर्षांत त्या घरात जे चाललं ते बाहेरच्या माणसाला खुळेपणाच वाटला असता. माजघराच्या भिंतीवर तक्ते लागले. वडूज ते सातारा मोटार, सातारा रोड स्टेशनापर्यंत टांगा, पुणे, मुंबई, बोट, एडन, सुवेझ, नेपल्स, रोम, आणि तिथून आगगाडीनं ऑर्व्हिएतोचं स्टेशन. स्टेशन पायथ्याशी, गाव वर. ती चढण आपल्याला सामानासकट जमली पाहिजे म्हणून ते रोज पहाटे कॅनव्हासच्या पिशवीत धोंडे भरून अजिंक्यतारा चढत. वाटेत कुणी पिशवीत काय आहे विचारलं तर "सामान" म्हणत. ते खरंच होतं. त्यांनी प्रत्येक धोंडा वजन करून घेतला होता. हा लोटा, हे अंथरूण, हे आक्कांचं मेतकूट.

आक्कांना हे शेवटचं फार लागलं. "मला कुणी विचारलंय का?" त्या म्हणाल्या. मोजणीदारांनी शांतपणे सांगितलं की एका परक्या बाईला घेऊन मी एकटा समुद्रापार गेलो तर गाव काय म्हणेल, म्हणून तुझं नाव पहिल्या दिवसापासून तक्त्यात आहे. आक्का दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला हळूच विचारलं, बोटीवर सोवळ्याचं काय करतात.

भाषेची सोय गावातच झाली. लढाईच्या काळात सरकारनं साताऱ्यात काही जर्मन आणि इटालियन माणसं आणून ठेवली होती. त्यांना तारेत कोंडलेलं नव्हतं. गावात हिंडायची मोकळीक होती, पण ठरलेल्या हद्दीबाहेर जायचं नाही. त्यांच्यात जिनो नावाचा एक इटालियन होता. मुंबईत तो संगमरवरी फरशा बसवायचं काम करी. त्याचं गाव उत्तरेकडे, दगडाच्या खाणींचं. ऑर्व्हिएतो त्यानंही पाहिलेलं नव्हतं. बाजारात पेरू घेताना मोजणीदारांनी त्याला गाठलं आणि आठवड्यात तो आमच्या ओसरीवर येऊन बसू लागला. पेठेनं त्याचा जिनोबा केला.

जिनोबाची फी मोजणीदारांनी त्यांच्या पद्धतीनं दिली. हद्द म्हणून एका झाडाला कुणीतरी चुना फासून ठेवला होता. मोजणीदारांनी साखळी आणून ते अंतर मोजलं, तर हुकुमात लिहिलेल्या मापापेक्षा ते झाड दोनशे फूट अलीकडे निघालं. ते नकाशा घेऊन त्या लोकांवर नेमलेल्या साहेबाकडे गेले. साहेब हसला, पण चुना पुढच्या झाडाला लागला. त्या दोनशे फुटांत एक ओढा होता. जिनोबा त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ओढ्यात पाय सोडून बसे आणि मोजणीदार काठावर बसून क्रियापदं पाठ करत.

हौसाबाई दर दोन महिन्यांनी, बाजाराला आली की, शिकवणीला येई. पाण्याला तिकडे आक्वा म्हणतात हे शिकल्यावर ती म्हणाली, आक्काकडं मागितल्यागतच हाय. पुढे आक्का स्वयंपाकघरातून ओरडून सांगत की मला उगीच हाका मारू नका. हौसाबाई कमी हसे. ती तक्त्यापुढे उभी राहून बोटानं रेघ धरत धरत जाई आणि शेवटच्या टिंबावर बोट ठेवून थोडा वेळ थांबे. मग पिशवी उचलून मोटारीच्या अड्ड्यावर चालू लागे.

तिच्या मागे मोजणीदार मला विहिरीबद्दल सांगत, तिथल्या मोठ्या चर्चच्या भिंतीतल्या काळ्यापांढऱ्या दगडांच्या पट्ट्यांबद्दल सांगत. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असे, ते मला चमत्कारिक वाटे. एकदा आक्का तांदूळ निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "तिला पोराकडे जायचंय. तुला गाव बघायचंय. दोन्ही एक नव्हे." मोजणीदार उठले. धोंड्यांची पिशवी काढली आणि भर दुपारी किल्ल्याकडे गेले.

सेहेचाळीसच्या शेवटी जिनोबाला घरी जायची परवानगी मिळाली. त्यानं निघताना आक्कांना वाकून नमस्कार केला. मोजणीदारांनी त्याच्याजवळ एक कागद दिला. त्यावर शिरपतीचं नाव, पलटण, नंबर होता. जमलं तर ऑर्व्हिएतोला जाऊन बघ, आम्ही येऊ तेव्हा कुठे जायचं ते कळू दे, एवढं त्याला सांगितलं.

त्याचं पत्र सत्तेचाळीसच्या ऑगस्टनंतर, गावातल्या पताका उतरायच्या आत आलं. मोजणीदार कोश घेऊन ओसरीवर बसले. मला वाटलं, वाचून दाखवतील. त्यांनी पत्र संपवलं, घडी केली आणि त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि आक्कांना बोलावून सांगितलं. जिनोबानं लष्करी दफनभूमीच्या नोंदवहीत नाव शोधलं होतं. शिरपती ऑर्व्हिएतोला नव्हता. आणखी उत्तरेला, आरेत्सो नावाच्या गावाबाहेर सपाट माळावर पलटणीच्या माणसांच्या रांगा आहेत, त्यांत तो होता. जिनोबानं तिथे फुलं ठेवली होती. जाताना तो ऑर्व्हिएतोला उतरलाही होता. तिथल्या लोकांना त्यानं तळ्याचं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, इथून कुठलंच तळं दिसत नाही. पत्रातलं गाव दुसरंच कुठलं तरी असणार. तळ्याकाठच्या डोंगरांवर अशी गावं पुष्कळ आहेत.

मी म्हटलं, चूक कुणाचीही होते, पत्रातली नावंच खोडलेली होती.

मोजणीदारांनी वाचनालयाच्या पुस्तकावरून काढलेला नकाशा उलगडला. ऑर्व्हिएतोजवळ तळं होतं, नऊ-दहा मैलांवर. गाव आणि तळं यांच्या मधे डोंगराची एक रांग होती आणि तिच्यावर उंचीचा आकडा लिहिला होता.

"ही रांग गावापेक्षा उंच आहे," ते म्हणाले. "तिच्या पलीकडचं पाणी गावातून दिसणार नाही. हे मोजणीतल्या उमेदवारालाही कळतं. मला पहिल्या दिवशी कळलं होतं."

मला ते खरं वाटेना. मी म्हटलं, आता हौसाबाईला नवी जागा सांगू या, म्हणजे झालं. पलटण पुढे सरकली होती म्हणावं. तिला जुनं कळायचं काय कारण?

"दगड चुकीच्या जागी लागला," मोजणीदार म्हणाले, "तर तो चार माणसांसमोर उपटून चार माणसांसमोर परत लावायचा असतो. गुपचूप सरकवायचा नसतो."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं तिच्या गावी गेलो. मला त्यांनी का नेलं ते सांगितलं नाही. एकट्याला जाववेना असं असावं. खळ्यावर बाजरीची रास पडली होती आणि हौसाबाई सुपानं धान्य वारवत होती. तिनं घोंगडं टाकलं, गूळपाणी दिलं. मोजणीदार बसले नाहीत. दिराला बोलवा म्हणाले, शेजारच्यांना बोलवा म्हणाले. पाच-सहा माणसं गोळा झाल्यावर त्यांनी उभ्यानं सगळं सांगितलं. शिरपती कुठे आहे ते सांगितलं. पत्रातलं तळं सांगितलं, मधली रांग सांगितली आणि ती आपल्याला आधीच दिसली होती हेही सांगितलं.

हौसाबाईला पहिल्यांदा नीट समजलं नाही. तिनं विचारलं, "म्हंजी, तुमास्नी ठावं हुतं?"

"हो."

"मग मला वरवंटो का सांगितलं?"

"मला ते गाव बघायचं होतं," मोजणीदार म्हणाले.

दीर पुढे झाला होता, हौसाबाईनं हातानंच त्याला मागे सारलं. तिनं सूप उचललं आणि पुन्हा वारवायला लागली. भुसा आमच्या अंगावर येत होता. मोजणीदार जागचे हलले नाहीत. माणसं एकेक करून निघून गेली. बऱ्याच वेळानं सूप खाली ठेवून ती म्हणाली, "तीन वरसं त्या गावाच्या नावानं दिवा लावला मी. लय वाईट केलंत."

ते म्हणाले, हो.

मग तिनं आम्हाला भाकरी वाढली. आम्ही जेवलो. ती समोर बसून बघत होती. हात धुतल्यावर तिनं विचारलं की आत्ता सांगितली ती जागा तरी खरी का. त्यांनी सांगितलं, नोंदवहीत आहे, रांग आहे, नंबर आहे.

"मग तितं न्या," ती म्हणाली. "सबूद दिलाय तुमी. आन् त्या वरवंट्याचं नाव माझ्याम्होरं काढायचं न्हाई."

घरी आल्यावर त्यांनी माजघरातले सगळे तक्ते उतरवले आणि आरेत्सोचे नवे करायला घेतले. विहीर गेली, कडे गेले, चर्चच्या पट्ट्या गेल्या. एक स्टेशन, तिथून घोडागाडी, आणि एक सपाट माळ, एवढंच राहिलं. तरी त्यांनी ते तितक्याच बारकाईनं केलं. अजिंक्यतारा मात्र थांबला. माळावर जायला डोंगर चढायचा सराव लागत नाही.

पुढच्या वर्षी माझी सांगलीच्या शाळेत सोय झाली आणि मी विश्रामबागेच्या बाजूला बिऱ्हाड केलं. कागदपत्रं व्हायला त्यांना दीड वर्ष लागलं. खर्चासाठी त्यांनी वाईकडची जमीन विकली असं कानावर आलं. एकोणपन्नासच्या मार्चमध्ये एक पोस्टकार्ड आलं, त्यावर फक्त बोटीची तारीख होती. खाली आक्कांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, काळजी वाटते, देवाला सांग.

परत आल्यावर आक्का पावसाळ्यात चार दिवस माझ्याकडे राहायला आल्या. पुढचं सगळं मला त्यांनी सांगितलं.

बोटीवर आक्का पाच दिवस आडव्या होत्या. हौसाबाईला काही झालं नाही. ती कठड्याला धरून उभी राही आणि समुद्राला बांध कसा न्हाई म्हणे. पाणी मागायला शिकवलेला शब्द नेपल्सला कामी आला. आरेत्सोला घोडागाडीनं माळावर गेले. पांढऱ्या रांगा होत्या. मोजणीदारांनी नंबर काढला, नाव वाचून दाखवलं. हौसाबाईनं ते तीनदा वाचायला लावलं. मग ती बसली. तण नव्हतं, तरी मातीवरून हात फिरवत राहिली. दुपार कलेपर्यंत बसली. आक्का तिच्याजवळ होत्या. मोजणीदार फाटकाशी छत्री घेऊन उभे होते, ते आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशीची परतीची गाडी प्रत्येक स्टेशनला थांबणारी होती. एका ठिकाणी मोजणीदारांनी वेळापत्रक काढून डोळ्यांसमोर धरलं. आक्का म्हणाल्या, गाडी उभी होती, वेळापत्रकाचं काही काम नव्हतं. हौसाबाई खिडकीशी होती. बाहेर तुटलेल्या कड्यांचा एक डोंगर होता आणि त्याच्यावर काठोकाठ घरं होती.

"ह्ये कंचं गाव?" तिनं विचारलं.

मोजणीदारांनी वेळापत्रक आणखी वर धरलं. तिनं पुन्हा विचारलं. मग त्यांना नाव घ्यावं लागलं.

हौसाबाई खिडकीतून बघत राहिली. मग तिनं गाठोडं उचललं आणि खाली उतरली. आक्का घाबरून मागे उतरल्या, त्यांच्या मागे दोन पिशव्या घेऊन मोजणीदार उतरले. गाडी निघून गेली. त्यांनी सांगितलं, आता पुढची आपल्याला जमेल अशी गाडी उद्या सकाळी आहे.

"बोट कवा हाय?" हौसाबाईनं विचारलं.

बोटीला तीन दिवस होते.

"मग तुमी वर जाऊन या. मी आक्कांसंगं हितं बसते."

ते जाणार नाही म्हणाले. तिनं आपल्यासमोर नाव काढू नका म्हटलं होतं, याची आठवण दिली. ती म्हणाली, "व्हय. म्याच म्हनले हुते. आन् आता मीच जावा म्हनते. राग हाय माझा, त्यो जायचा न्हाई. पर तुमी मला पोराकडं आनलंत."

ते गेले. स्टेशनच्या बाकावर ह्या दोघी डब्यातले लाडू खात बसल्या. तीन-चार तासांनी ते खाली आले. कोटाला धूळ लागली होती.

"तळं दिसलं का?" हौसाबाईनं विचारलं.

"नाही. मधे डोंगर आहे."

"मग काय दिसलं?"

ते बाकावर बसले आणि सांगू लागले. विहिरीत उतरलो तेव्हा दुसऱ्या जिन्यानं एक पोरगी वर चालली होती, मधल्या खिडक्यांतून ती दिसे, पण शेवटपर्यंत भेटली नाही. चर्चच्या पायऱ्यांवर म्हाताऱ्या वाटाणे सोलत बसल्या होत्या. गल्ल्यांत सावली होती. कड्याच्या टोकाला उभं राहिलं की शेतं दिसतात, द्राक्षांचे मांडव दिसतात, खाली नदी दिसते. आक्का म्हणाल्या, दादा इतका बोललेला मी जन्मात ऐकला नव्हता. त्यांचं संपल्यावर हौसाबाईनं गाठोडं काखेला मारलं.

"शिरपतीनं बी असंच गाव बघितलं असंल की," ती म्हणाली. "चला, मला बी दावा."

पायथ्यापासून वर जायला वळणावळणाची वाट होती. आक्कांच्या गुडघ्यांमुळे चार ठिकाणी बसावं लागलं. वर पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. हौसाबाईनं चर्च बघितलं नाही की विहीर बघितली नाही. ती नीट कड्याच्या टोकापर्यंत गेली, तिथल्या दगडी कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि खालच्या शेतांकडे बघत उभी राहिली. वारा येत होता. मोजणीदार आणि आक्का मागे थांबले.

मग ती म्हणाली, "हवा चांगली हाय वर. पोराला बरं वाटलं असंल."